शुक्रवारची परात

मुलगा, सून आणि नात यांनी शुक्रवारी दुपारी आपल्या घरी जेवावे, एवढीच सी महजूब यांची इच्छा होती. ती त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. फक्त शेजारीण लल्ला बतूल हिला सांगितली होती, तीही वाफवलेल्या रव्याचा कुसकुस तिलाच शिजवायचा होता म्हणून. बायको, हनिया, गेल्यापासून त्यांच्या घरात शुक्रवारचा कुसकुस झाला नव्हता. एकट्यासाठी कुसकुस करणे म्हणजे एका विद्यार्थ्यासाठी शाळा उघडण्यासारखे आहे, असे ते म्हणत. आणि त्या एका विद्यार्थ्याला रोज पाव आणि उकडलेली अंडी मिळत.

मुलगा नौफल अँटवर्पहून आला होता, आईच्या दफनानंतर प्रथमच. गुरुवारी दुपारी आला आणि शुक्रवारी दुपारनंतर माराकेशला विमान गाठणार होता. मुक्काम हॉटेलात. घराच्या भिंतींना ओल आहे आणि लेकीला, इनासला, दमा आहे, हे कारण त्याने फोनवर आधीच सांगितले होते. कारण खरे होते. समुद्रकाठच्या एसाविराच्या तटबंदीच्या आत ओल नसलेली भिंत सापडणे अवघड. समुद्र मीठ पाठवतो, चुना ते शोषून घेतो. सी महजूब यांची हयात मुलांना पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली होती, त्यामुळे या कारणावर त्यांना आक्षेप घेता आला नाही.

शुक्रवारी सकाळी ते घरातून निघाले तेव्हा बतूल खिडकीत उभी होती. कोपरापर्यंत हात रव्याने माखलेले.

"सी महजूब, घेऊन येताय ना त्यांना? की नुसतेच हिंडवताय गावभर, टांग्याच्या घोड्यासारखे?"

"विचारतो."

"विचारताय? आणा की सरळ! सात भाज्या चिरून बसलेय मी."

ते चालू लागले. आणणे आणि विचारणे यांतला फरक त्यांना कॅफेतल्या सी बुजमाने समजावला होता. बुजमाचा मुलगा फ्रान्समध्ये असतो. आपल्या सुनेला बुजमाने मागच्या ईदला इतका आग्रह केला की ती ताटावरून उठली ती सरळ विमानतळावरच गेली, असे बुजमा सांगे. "तिकडे 'नाही' म्हणजे नाही असतं, भाऊ," तो म्हणाला होता. "आपलं 'नाही' म्हणजे 'अजून दोनदा विचार'. त्यांना दुसऱ्यांदा विचारलंस की त्यांना वाटतं, म्हातारा बहिरा झालाय." सी महजूब यांना ते पटले होते. शिवाय त्यांच्याकडे स्वतःचीही एक नोंद होती: अर्गनचे तेल पाठवू का, असे त्यांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर नौफल फोनवर म्हणाला होता, "नको म्हटलं ना बाबा, खरंच नको." एका नोंदीवरून नियम काढू नये, हे ते वर्गात दरवर्षी सांगत आले होते. पण वर्गातल्या नोंदींत त्यांचा स्वतःचा मुलगा नसे.

तटबंदीवर वारा नेहमीसारखाच होता, म्हणजे उभ्या माणसाला चालवील आणि चालत्याला थांबवील असा. इनास एका जुन्या तोफेवर घोड्यावर बसल्यासारखी बसली. सून सिहाम अँटवर्पमध्येच जन्मलेली; ती डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरून दुसऱ्याने फोटो काढत होती. बाप-लेक कठड्याशी उभे होते. खाली लाटा खडकांवर आपटत होत्या.

सी महजूब यांनी वाक्य मनात जुळवून ठेवले होते. ते म्हणाले, "दुपारी घरी येताय का जेवायला? बतूल कुसकुस करतेय."

नौफलने समुद्राकडे पाहिले. "कशाला बाबा, उगाच सगळ्यांना त्रास. आम्ही खाऊ बाहेर काहीतरी."

"बरं," सी महजूब म्हणाले.

नौफलने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. एखादे वाक्य अर्धे राहिल्यावर माणूस पाहतो, तसे. त्याच्या डोळ्यांत वाळू गेली असावी, असा सी महजूब यांनी निष्कर्ष काढला आणि त्याला वाऱ्याकडे पाठ करायला सांगितले.

तिथून ते तटाखालच्या लाकूडकामाच्या दुकानांत आले. कारागीर जिलाली थुया नावाच्या झाडाच्या मुळापासून डब्या करतो. दुकानाच्या दारात पाऊल टाकताच त्या लाकडाचा कापरासारखा वास येतो. इनासने एक छुप्या कडीची डबी उचलली आणि खाली ठेवायलाच तयार होईना.

"केवढ्याला?" नौफलने विचारले.

"तुला म्हणून तीनशे दिरहम."

"तीनशेला मी अख्खं झाड नेईन."

"ने की! मग डबी कोण करून देणार, तुझी बायको?"

सिहाम हसली. नौफलने डबी इनासच्या हातून काढून फळीवर ठेवली, "राहू दे मग," म्हणाला आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडला. इनासचा चेहरा रडवेला झाला. नौफल घाईने चालत नव्हता. कोपरा यायच्या आत मागून हाक आलीच.

"ए अँटवर्पवाल्या! इकडे ये. बोहनी व्हायचीय अजून, तुझ्यासारखं गिऱ्हाईक परत पाठवून दिवस खराब करू का मी?"

मग आणखी एकदा जाणे झाले, आणखी एकदा हाक झाली, आणि डबी निम्म्या किमतीला कागदात गुंडाळली गेली. जिलालीने खूश होऊन सी महजूब यांच्याकडे पाहिले. "पोरगा विसरला नाही हो काही. मला वाटलं होतं, तिकडे जाऊन बिघडला असेल."

"बाबा, तुला नको होती तर परत का आलास?" इनासने नौफलला विचारले.

"हवी होती, म्हणूनच तर निघून गेलो."

सी महजूब यांनी हे ऐकले. पण त्या वेळी ते डबीचे झाकण किती बिनचूक बसते हे पाहण्यात गढले होते, आणि लाकूड ओल्या हवेत किती फुगेल याचा विचार करत होते.

दुपारच्या नमाजला बाप-लेक बरोबर गेले. बाहेर आले तेव्हा सगळी गल्ली घराकडे निघाली होती. दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या. प्रत्येक खिडकीतून वाफेचा, भोपळ्याचा, तुपाचा एकच वास येत होता. शुक्रवारी या गावात दुसरा वास नसतो. नौफल मशिदीच्या पायरीवर जोडे चढवत जरा रेंगाळला.

"मग बाबा? आता काय?"

सी महजूब यांना वाटले, पुन्हा विचारावे. जिभेवर आलेही. पण बुजमाची सून त्यांच्या डोळ्यांपुढे ताटावरून उठली. मुलगा आता जाईल तो पुन्हा कधी येईल, हे त्यांच्या एका वाक्यावर ठरणार असेल तर ते वाक्य न बोललेले बरे, असा त्यांनी हिशेब केला.

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले.

नौफलने दुसऱ्या जोड्याचे बंद बांधायला जरा जास्तच वेळ घेतला. "मग बंदरावर मासे खाऊ," तो म्हणाला.

बंदरावरच्या टपऱ्यांत परदेशी पाहुणे आणि सीगल एवढेच होते. सार्डीन भाजणाऱ्याने सी महजूब यांना पाहून चिमटा हवेत उंचावला. "गुरुजी! शुक्रवारी तुम्ही इथं? घरातून हाकललं की काय?"

"पाहुण्यांना मासे हवेत," सी महजूब म्हणाले.

पाहुण्यांनी मासे कमीच खाल्ले. नौफलने पहिला मासा सोलला आणि तसाच ठेवला. सिहाम त्याला त्यांच्या तिकडच्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्याने एका शब्दात उत्तर दिले. ती पुन्हा म्हणाली, या वेळी सासऱ्यांकडे पाहत. नौफलने नकारार्थी मान हलवली. सी महजूब यांना ती भाषा येत नव्हती, आणि दुसऱ्यांच्या बोलण्यात डोकावणे त्यांना पसंत नव्हते. त्यांनी सीगलना माशांची डोकी टाकली.

वेशीबाहेर गाडी उभी होती. सिहामने त्यांच्या हाताचे चुंबन घेतले, इनासने गालांचे. नौफलने त्यांना मिठी मारली आणि ती नेहमीपेक्षा लांबली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी सी महजूब तासभर तिथेच घुटमळत राहिले. मग वारा पाठीला लागला म्हणून घराकडे निघाले.

दार बतूलनेच उघडले; चावी तिच्याकडे होती. बैठ्या मेजाभोवती तिने चार उशा मांडल्या होत्या. तिने त्यांच्या मागे पाहिले.

"कुठेत?"

"गेले."

"गेले म्हणजे? न जेवता?"

"तो नको म्हणाला."

"किती वेळा?"

"एकदा."

बतूलने झग्याला हात पुसले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. "एकदा?" ती म्हणाली. "एकदा नको म्हणाला, आणि तुम्ही ऐकलंत?"

ती परात आणायला निघून गेली. फोन वाजला तेव्हा सी महजूब उशांपैकी एकीवर बसले होते.

"बाबा, अर्धी वाट संपली, शिशावा मागे पडलं आमचं," नौफल म्हणाला. मागे गाडीचा आवाज होता. "तुम्ही जेवलात?"

"आता बसतोय."

"सिहाम म्हणते, मी मूर्ख आहे. तिला सांगत होतो, बाबा पुन्हा विचारतील बघ. सकाळी हॉटेलातसुद्धा काही खाल्लं नव्हतं मी." तो हसायला गेला, पण ते जमले नाही. "तुम्ही एकदाच विचारलंत."

"तिकडे 'नाही' म्हणजे नाही असतं, असं ऐकलं होतं."

"तिकडे असतं, बाबा. मी इकडे होतो."

 विमान संध्याकाळचे होते, गाडी परतण्यासारखी नव्हती. यात कुठलीही शंका नव्हती. सी महजूब यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरी ये जेवायला," ते म्हणाले.

"बाबा, आम्ही आता..."

"माहीत आहे कुठे आहात ते. विचारतोय."

 मग नौफलला कळले. "नको बाबा," तो सावकाश म्हणाला. "कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला? सात भाज्या आहेत. ये."

"खरंच नको. पोट भरलंय."

"अल्लाची शपथ आहे तुला. तू आल्याशिवाय मी घासाला हात लावणार नाही."

"बरं," नौफल म्हणाला.  "येतो, बाबा."

"सावकाश ये," सी महजूब म्हणाले, आणि फोन ठेवला.

बतूलने परात मेजावर ठेवली. रव्याचा ढीग, त्यावर भाज्यांचे काप, मधोमध मांस. तिच्या घरी तिची माणसे वाट पाहत होती, म्हणून ती निघाली, दारातून म्हणाली, "थंड होतंय. मांस तरी आधी खा." दार लागले.

प्रत्येकाने परातीतला आपल्या समोरचा भाग खायचा आणि मांस घरच्या यजमानाने वाटायचे, ही रीत ते लहानपणापासून पाळत आले होते. सी महजूब यांनी मांसाचे चार भाग केले. लहान, मऊ तुकडा त्यांनी इनासच्या बाजूला सारला, हाडाजवळचा सिहामच्या, सगळ्यांत मोठा नौफलच्या. हे करण्याला काही अर्थ नाही, हे त्यांना ठाऊक होते. तसे करताना त्यांचा हात मात्र अडखळला नाही. मग आपल्या समोरच्या भागात त्यांनी बोटे घातली आणि जेवू लागले. ते सावकाश जेवले. कडेपासून मध्यापर्यंत एक नीट कापलेली फोड परातीतून संपली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रवा जसाच्या तसा उभा राहिला.