टिटवीचं नाव

मी टिटवी बोलतेय.

दचकू नका. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडतं असं म्हणतात, ते मला ठाऊक आहे. पण मी माळावरची टिटवी नव्हे. मी लाकडाची आहे. ताटाएवढी गोल सागवानी फळी, तिच्यावर कोरलेलं एका पायावर उभं पाखरू, पाखराच्या डोळ्यापुढे लाल ठिपका आणि पायाखाली जहाजाचं नाव. प्रत्येक लढाऊ जहाजाचं असं एक चिन्ह असतं. मी ‘टिटवी’ नावाच्या जहाजाचं चिन्ह होते. हे ‘होते’ म्हणायला मला अजूनही जड जातं.

माझा जन्म गोदीतल्या सुतारशाळेत झाला. मला घडवणारा सुतार तोंडात खिळे धरून बोलायचा आणि सारखा कुरकुरायचा.

“लढाऊ जहाजाला टिटवी? उद्या चिमणी म्हणतील!”

शेजारचा रंगारी म्हणाला, “अरे, टिटवीदेखील समुद्र आटवते, ऐकलं नाहीस का?”

“समुद्रच आटवला तर जहाज चालणार कशावर?” सुतार म्हणाला आणि दोघं खो खो हसले. पण हात मात्र त्याचा चोख. माझं एकेक पीस त्याने जीव लावून कोरलं.

मग मी जहाजावर गेले. धक्क्यावरून चढायची शिडी जिथे संपते, तिथे मला लावलं होतं. वर येणाऱ्याला आधी मी दिसायचे, उतरणाऱ्याला शेवटी मीच. ते दिवस काय सांगू! डिझेलचा वास, ओल्या दोरांचा वास, खारा वारा, भल्या पहाटे कुणाच्या तरी बेसूर गाण्याचा आवाज. जहाज बंदर सोडायच्या आधी प्रत्येक जण माझ्या लाल ठिपक्याला बोट लावायचा. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. कप्तानसाहेब पहिल्यांदा रागावले, “हा काय पोरखेळ!” पुढे पुढे आजूबाजूला कुणी नाहीसं बघून तेही हळूच बोट टेकवायला लागले.

सगळ्यांत माझा लाडका लंब्या. इंजिनखोलीत काम करायचा. इतका उंच की जहाजातल्या प्रत्येक दाराला त्याचं डोकं लागायचं. “लंब्या, सांभाळ, जहाजाला पोचे पडतील!” असं सोबती चिडवायचे. तो ग्रीसने काळा झालेला अंगठा सरळ माझ्या ठिपक्यावर दाबायचा आणि म्हणायचा, “चल गं बाई.” मी मनातल्या मनात चिडायचे. पण तो रजेवर गेला की त्याच अंगठ्यावाचून मला करमायचं नाही.

इतक्या बोटांनी ठिपक्याचा रंग उडाला, लाकूडसुद्धा तिथे खोलगट झालं. पाखरू आंधळं दिसायला लागलं. म्हणून कप्तानांनी मला रंगवायला किनाऱ्यावर पाठवलं. मी रंगाऱ्याच्या टेबलावर वाळत पडले होते, तेवढ्यात समुद्रात वादळ उठलं आणि एक मच्छीमार बोट अडकल्याची खबर आली. टिटवी तिच्या मदतीला निघाली. मला न घेताच निघाली.

ती मच्छीमार बोट सुखरूप परत आली. टिटवी आली नाही. लढाई नव्हती, शत्रू नव्हता, नुसतं वादळ होतं. किती शोधलं, पण तेलाचा तवंग नाही की एक फळी नाही. मी नटूनथटून तयार झाले होते, आणि ज्यांच्यासाठी नटायचं तेच निघून गेले होते.

नंतर मला एका कचेरीत आणून टांगलं. खाली पट्टी चिकटवली, ‘हात लावू नये’. ज्या अंगाला रोज बोटं लागायची, त्याला आता वर्षानुवर्षं फक्त धूळ लागत होती. खिडकीतून दिसायची ती गोदीची भिंत आणि तिच्यावरून डोकावणाऱ्या क्रेनच्या माना. समुद्र पलीकडेच होता. मला जहाजांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि जीव नुसता तुटायचा.

ती खोली नामकरण समितीची होती. माणसं एरवी फुकटात एकमेकांना नावं ठेवतात, इथे जहाजांना नाव ठेवायचा पगार मिळायचा. मोठ्या जहाजांना डोंगरांची नावं, मधल्यांना नद्यांची, लहानांना पाखरांची, असा शिरस्ता. पण दिसतं तितकं ते सोपं नाही. जिवंत माणसाचं नाव चालत नाही, तो उद्या काय दिवे लावील सांगता येत नाही. दोन जहाजांची नावं सारखी वाजली तर ऐन वेळी घोटाळा. एकदा कुणीतरी ‘मोर’ सुचवलं, तर समितीतले एक जण म्हणाले, “नको, ढग आले की नाचत बसेल.” कुणी मंत्री बायकोच्या माहेरच्या नदीचं नाव पाठवायचे. ती नदी नकाशावर शोधता शोधता सगळ्यांचा चहा गार व्हायचा.

शेवटची परीक्षा शिपायाची. त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे, असा त्याचा आवाज. ठरत आलेलं नाव घेऊन तो खाली आवारात जायचा, भिंतीपाशी उभा राहायचा आणि तोंडाशी हात धरून ते पुकारायचा. वर खिडकीत साहेब लोक कान देऊन उभे. वाऱ्यात, यंत्रांच्या खडखडाटात जे नाव स्पष्ट ऐकू येईल तेच खरं. जे नाव हाकेला टिकत नाही ते संकटात काय टिकणार, असं समितीचे मोठे साहेब म्हणायचे.

आता माझ्या दुखण्याकडे येते. म्हातारं झालेलं जहाज मोडीत काढलं की त्याचं नाव काही वर्षांनी नव्या जहाजाला देतात. आजीचं नाव नातीला द्यावं तसं. पण जे जहाज बुडालं, त्याचं नाव द्यायचं तर त्यावरच्या माणसांच्या घरी जाऊन विचारायचं, आणि एका जरी घराने नाही म्हटलं तर ते नाव द्यायचं नाही, अशी इथली रीत होती. लहान जहाजाची बांधणी निघाली की मोठे साहेब स्वतः घरोघर जायचे. बाकीची सगळी घरं हो म्हणाली. एकच घर नाही म्हणत राहिलं. लंब्याच्या आईचं.

खरं सांगते, मला त्या बाईचा राग यायचा. गोदीत नवा सांगाडा उभा राहिला की मला वाटायचं, या वेळी नक्की. टिटवी पुन्हा पाण्यात जाईल, मी पुन्हा शिडीपाशी लागेन, पुन्हा कुणीतरी काळा अंगठा दाबेल. आणि दर वेळी साहेब परत येऊन टोपी टेबलावर ठेवायचे आणि मान हलवायचे. मग ते जहाज बगळा व्हायचं, नाहीतर घार.

या खेपेला मात्र ती स्वतःच कचेरीत आली. सोबत तिची सून. बंदराजवळच्या इस्पितळात नर्स असलेली, लंब्याची बायको. बाई ठेंगणी होती. एवढीशी आई आणि तो एवढा उंच, हे बघून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग काही सुचेना.

साहेबांनी खुर्ची पुढे केली. “बसा मावशी. या वेळी तुम्हीच आलात?”

“सारखं तुम्हाला जिने चढायला लावते, बरं नाही वाटत. माझं उत्तर तेच आहे. ते नाव त्यांचं आहे. उद्या ते लोक आले तर? त्यांच्या जागी दुसरंच कुणी बसलेलं असायचं.”

“आई,” सून हळूच म्हणाली, “किती वर्षं झाली आता.”

“तू गप्प बस. तुला काय, तू आपली दिवसभर बाहेर—” बाई मध्येच थांबली.

“बाहेर असते, पण संध्याकाळी घरीच येते ना, आई? तुमच्याकडेच येते.” सून आता थांबली नाही. “घरात यांचं नाव घ्यायची चोरी. टिटवीचं नाव घ्यायची चोरी. मलाही कुणाजवळ तरी बोलावंसं वाटतं. ते नाव समुद्रावर जाऊ दे. निदान कुणीतरी ते रोज घेईल.”

पंखा तेवढा कुरकुरत होता. बाईने खोलीभर नजर फिरवली. माझ्यावर आली आणि तिथेच राहिली.

“नाव ठरवताना तुम्ही करता तरी काय?” तिने विचारलं.

साहेबांनी सांगितलं. डोंगर, नद्या, पाखरं, आणि शेवटी आवारातली हाक.

“आमच्या नावाची हाक मारलीत कधी?”

दाराशी उभा असलेला भोंगा पुढे आला. “ते बुडाल्यापासून नाही मारली, मावशी. हिंमतच झाली नाही.”

“आता मार.”

भोंग्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान डोलावली. तो खाली गेला, भिंतीपाशी उभा राहिला, तोंडाशी हात धरले. आणि ज्याच्या आवाजाने काचा हादरायच्या, त्याचा आवाज त्या दिवशी घशातच फाटला.

“अशी काय रे हाक?” बाई उठून खिडकीशी गेली. “अशाने कोण येईल?”

तिने दोन्ही हात चौकटीवर टेकले आणि स्वतः हाक मारली. “टिटवीऽऽ!” दिवेलागणीला खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं, तशी. ती हाक आवारावरून गेली, भिंतीवरून गेली, क्रेनच्या मानांपलीकडे गेली. शेजारच्या खोलीतली माणसं हातातलं काम टाकून दारात आली.

मग ती थांबली. हाक मारल्यावर माणूस ओ ऐकायला थांबतो ना, तशी. कान समुद्राकडे करून उभी राहिली. मीही थांबले. हसाल मला, पण मी खरंच ऐकत होते. कुठे लोखंडावर हातोडा पडत होता, कुठे समुद्रपाखरू ओरडलं. बाकी काही नाही.

बाई बराच वेळ तशीच उभी होती. तिला बस म्हणायचा कुणाला धीर झाला नाही.

“नाही येत,” ती म्हणाली. कुणालाच उद्देशून नाही. मग साहेबांकडे वळली. “द्या. त्या नव्या जहाजाला नाव द्या.”

सुनेने तिला धरलं आणि दोघी तिथेच, सगळ्यांदेखत, मोकळेपणाने रडल्या. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ तो पुसत बसले.

आणि मी? मला तर कधी एकदा भिंतीवरून उतरते असं झालं होतं. साहेबांनीही तेच बोलून दाखवलं, “मावशी, आता ही नव्या टिटवीवर जाईल.”

बाई माझ्याजवळ आली. “हिला मी नेऊ का?” तिने विचारलं. “त्याचं काहीच आलं नाही परत. हिला त्याचा हात तरी लागलेला आहे.”

त्या वेळी मला तोंड असतं तर मी नाही म्हटलं असतं. हो, लपवत नाही. इतकी वर्षं मी समुद्रासाठी झुरले होते, तो हातभर अंतरावर आला होता. पण विचारतो कोण लाकडाला? भोंग्याने स्टुलावर चढून मला उतरवलं. बाईने मला छातीशी धरलं, ती ‘हात लावू नये’ पट्टी तिच्या तळव्याखाली गेली. तिचं बोट ठिपक्यावर फिरलं, आणि नव्या रंगाखाली अंगठ्यांनी पडलेला तो खळगा तिला सापडला. त्यानंतर मला नाही म्हणता आलं नसतं.

आता मी त्यांच्या घरी असते. तिसरा मजला, बाहेरच्या खोलीची भिंत, बाजूला दिव्यांची बटणं. इथून समुद्र दिसत नाही, वासही येत नाही. कुकरची शिट्टी झाली की क्षणभर वाटतं, निघालं कुठलंसं जहाज. नव्या टिटवीसाठी दुसरं चिन्ह कोरलं म्हणे. माझ्यापेक्षा देखणं असेल. असू दे. जहाज पाण्यात सोडायच्या समारंभाला सून गेली, बाई गेली नाही. त्या दिवशी तिने माझ्याखाली बसून दिवसभर लोकर उसवली आणि पुन्हा गुंडाळली. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळून होतो.

परवा संध्याकाळी सून कामावरून आली. पायातली एकच चप्पल काढली होती, तशीच दारातून म्हणाली, “आई, टिटवी आली परत.”

स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली. बाई ओल्या हातांनी बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली.

“कधी?”

“दुपारी. धक्क्याला लागताना वॉर्डाच्या खिडकीतून दिसली. पहिली फेरी होती.”

“सगळे आले?”

सुनेने दुसरी चप्पल काढली. “सगळे आले, आई.”

“बरं झालं,” बाई म्हणाली. “ये, हातपाय धू. वाढते.”

बाई गं नव्या टिटवी, मला तुझा हेवा वाटतो. तू जा, लाटा बघ, माझ्या वाटणीचं पाणी अंगावर घे. पण येत जा. दर खेपेला, सगळ्यांना घेऊन परत येत जा. इथे तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघी वाट बघतोय.