धुतलेली अंडी

माईच्या परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांनी आजवर कुणाचं पोट बिघडवलं नव्हतं. अंडी टोपलीत, टोपली स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, दोन दिवसांत फस्त. फ्रिजचं नाव नाही. तीस वर्षांचा शिरस्ता. पण यंदा धाकटी लेक बाळंतपणाला आली. सातवा महिना, आधीची दोन पोटातच गेलेली. अंड्याला चिकटलेली घाण बघून तिनं नाक मुरडलं आणि माईला कोण लाज वाटली! घासून, धुऊन अंडी लख्ख केली, खिडकीशी काचेच्या भांड्यात मांडली. बाहेर उन्हाचा नुसता वणवा पेटलेला.

चौथ्या दिवशी कोंबड्यांना लस द्यायला जनावरांचे डॉक्टर आले. पाणी पिता पिता त्यांची नजर भांड्यावर गेली.

"ही धुतली कुणी?"

"मी. का हो?"

"अहो माई, कवचावर एक पातळ लेप असतो, तो जंतूंना अडवतो. तुम्ही तोच घासून काढलात, वर या उकाड्यात बाहेर ठेवलीत! धुतलं की लगेच फ्रिजमध्ये टाकायचं. आणि लेकीला अर्धकच्चं मुळीच देऊ नका."

माईच्या तोंडचं पाणी पळालं. आज सकाळीच दोन हाफबॉइल, वर मिरपूड, समोर बसून खाऊ घातली होती. कालही, परवाही.

सांगावं, तर पोर धास्तीनंच अर्धी होईल. न सांगावं, तर आतल्या जिवाचं काय? इकडे आड, तिकडे विहीर. पलीकडच्या खोलीत लेक गुणगुणत झबली घडी घालत होती.

मग माईनं जे केलं, त्याला शहाणपण म्हणत नाहीत. दार लोटून तिनं त्याच भांड्यातली दोन अंडी तशीच उकडली, अर्धकच्ची, आणि गिळली. लेकीच्या पोटात काय गेलंय ते आधी आपल्या पोटाला कळू दे!

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अशी कळ आली, की माई मोरीतच बसली. उलटी, थंडी, घाम. स्वतःची तिला पर्वा नव्हती; धाकटीनंही तीच अंडी खाल्ली होती. भिंत धरत ती लेकीच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

लेक तशीच उठली. पिशवी भरली, आईचा दंड धरला आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लेकीचा ताप पाहिला. ताप नव्हता. पोटावर यंत्र ठेवलं. मग ठोके ऐकू आले, भराभर, ठणठणीत.

"बाळ छान आहे. तरी दोन दिवस इथंच राहा, त्रास उशिरानंही होतो," बाई म्हणाल्या. मग सलाईन लावलेल्या माईकडे वळल्या. "आणि तुम्ही हो? माहीत असून खाल्लीत?"

"खाल्ली म्हणून तर कळलं," माई पुटपुटली. "नाहीतर मी तोंड उघडलंच नसतं."

लेकीनं मान वळवली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता.

"मागच्या दोन्ही वेळी सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं, आई. डॉक्टरांना, सासूबाईंना, ह्यांना. कुणी मला सांगितलं नाही. म्हणून तर या खेपेला तुझ्याकडे आले."