येतोय म्हणाला

आई गेल्यापासून फादरांना काहीच वाटेनासं झालं होतं. दफनविधी त्यांनीच केला, एका शब्दाला अडखळले नाहीत. फक्त एक गोष्ट मनात रुतून बसली होती. आपण हाकेच्या अंतरावर असताना आईनं शेवटी आपल्याला बोलावलं का नाही?

त्या शनिवारी थोरल्या फादरांचा घसा बसला, म्हणून पापनिवेदन ऐकायला हे बसले. जाळीपलीकडे माणसं येत, गुडघे टेकत आणि कुजबुजत. पापंही ठरलेलीच, नवीन काही करायला वेळ कुणाला आहे? फादर अर्ध्या कानानं ऐकत, तीन प्रार्थना म्हणायला सांगत, क्षमेचे शब्द पुटपुटत. तोंडाला सवय झाली होती.

"फादर, मी खोटं बोलले," एक बाई कुजबुजली. "सासूबाईंचं शेवटचं चाललं होतं. धाकट्याला बोलवा, असा घोषा लावला होता. मी म्हटलं, फोन केलाय, येतोय म्हणाला. केलाच नव्हता. किती दिवस माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. तो आला की पुन्हा जागरण. म्हटलं, सकाळी करू. त्या दाराकडे बघतच गेल्या."

"तीन प्रार्थना म्हण," फादर म्हणाले. क्षमेचे शब्दही पुटपुटून झाले. ती उठून गेली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ही तर वहिनी.

'त्या धाकट्याला खरं सांग,' एवढं सांगायचं राहून गेलं होतं. आता तोंड बंद. जाळीतून आलेलं कुणापाशी काढायचं नाही, अगदी सांगणाऱ्यापाशीही नाही, हा नियम.

दुसऱ्या दिवशी ते दादाकडे जेवायला गेले.

"मी रात्रपाळीला होतो, पण ही सांगते, आईनं तुझं नावही काढलं नाही रे," दादा म्हणाला. "झोपेतच गेली ना गं?"

"झोपेतच," वहिनी ताटाकडे बघत म्हणाली.

आई माझीच वाट बघत होती, हे फादरांना ओरडून सांगावंसं वाटलं. ते पाणी प्यायले.

"मनाला लावून घेऊ नकोस. ही बघ, इतके दिवस तळमळत होती. काल मात्र चक्क घोरत होती!"

"काहीतरीच तुमचं!" वहिनी लाजली. "पण खरंय, भाऊजी. काल शांत झोप लागली."

"बरं झालं, वहिनी," फादर म्हणाले आणि ताट पुढे केलं. तिनं वाढलं. चव लागत नव्हती, तरी त्यांनी सगळं संपवलं.