मगदल्ल्याचं खोल पाणी

आमचे बाबुराव जन्मानं भोई आणि कामानं लूमवाले. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी भांडण तापलं की म्हणायची आणि ते ऐकू आल्यासारखं हसायचे. खरं तर त्यांना ऐकू येत नव्हतं. उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांवर, उभी जवानी गेली. तिथल्या खडखडाटानं कान आधी जड केले, मग जवळजवळ बंदच. लूमवर निम्मं काम कानानं होतं. मशीनचा आवाज बदलला की समजायचं, कुठेतरी धागा तुटला. ह्यांना तो बदल कळेनासा झाला, कापडात दोष राहू लागले, आणि शेठनं गोड बोलून घरी बसवलं.

पुरुष घरी बसला की खोली लहान होते. नवागामातली आमची खोली आधीच केवढी! हे भिंतीला पाठ लावून बसायचे. कोणी काही बोललं तर मान हलवायचे, चुकीच्या जागी हसायचे, आणि मग लाजून तेही बंद केलं. दिवसातून एकच वाक्य निघायचं, "गाव जाऊत. तठे भाऊ शे."

आमचं गाव प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्याच काठी. दिराच्या दारात मी दोन दिवस पाहुणी म्हणून बरी, कायमची नाही. पण माझी खरी धास्ती निराळी होती. हा माणूस गावी गेला तर ओट्यावरच्या खाटेवर बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे मला दिसत होतं. मला माझा नवरा उठलेला पाहिजे होता.

मी नवागामच्या गल्ल्यांतून मासळी विकायची. माल मगदल्ल्याच्या बंदरावरून घ्यायची, तिथल्या ठाकोरकाकांकडून. तापी समुद्राला मिळायच्या आधी तिथे इतकी रुंद आणि खोल होते की आमच्या गावची हीच का ती नदी, असं वाटावं. ठाकोरकाका जातीनं माछी, लहान होडीचे मालक. त्यांचा जोडीदार पोरीकडे मुंबईला राहायला गेला होता आणि होडीत दुसरा माणूस पाहिजे होता. मी लगेच आमच्या बाबुरावांचं नाव पुढे केलं. तापीकाठचा भोई आहे म्हटलं, पाण्यातच वाढलाय. कान जड आहेत, हेही सांगितलं. लपवून काय उपयोग, पहिल्याच हाकेला कळलं असतं.

काका भला माणूस, पण धंद्यात कच्चा नव्हता. बलसाडचा त्यांचा भाचा दिवाळीनंतर मोकळा होणार होता. तोवर तुझ्या नवऱ्याला शिकवतो, म्हणाले. दिवाळीपर्यंत खोल पाण्यातलं मोठं त्यानं स्वतःच्या दोरीवर काढलं तर जागा त्याची, नाहीतर भाच्याची. मोठं, त्यांच्या भाषेत 'मोटुं', म्हणजे तो चंदेरी, रुंद तोंडाचा मासा. कोकणाकडचे लोक त्याला जिताडा म्हणतात, हे मला मागाहून कळलं. तो खाडीच्या डोहात तळाशी बसतो आणि भरती-ओहोटीच्या मधे पाणी क्षणभर थबकलं की खायला निघतो. जाळ्यात क्वचितच सापडतो. त्याला गळच टाकावा लागतो.

घरी येऊन ह्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. हे ताठ बसले. भोयाला मासे धरायला कोण शिकवणार, असा चेहरा. मी मनात म्हटलं, ताठ तर बसले, आता कशानं का असेना.

पण आमची भोईगिरी सगळी कमरेभर पाण्यातली. जाळं फेकायचं, पायानं चाचपायचं, डोळ्याला दिसतं ते ओढायचं. मगदल्ल्याला पाण्यात हात घातला तर आपलाच हात दिसत नाही, इतकं गढूळ, आणि तळ पाच-सहा परस, म्हणजे तितकी माणसं एकावर एक उभी राहतील इतका, खाली. तिथे शिशाचं वजन सोडायचं, ते तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं, आणि दोरी तर्जनीवर ठेवून बसायचं. बाकी जे काय दिसणार ते त्या बोटाला. ह्यांना हे पटेना. काय करस, बोट धरीसन बसू का, असं मला विचारायचे. तरी रोज भरती पाहून सायकल हाणत नवागामहून मगदल्ल्याला जायचे, हे मान्य केलं पाहिजे.

पहिला मोठा मासा लागला तो गणपती उठल्यावर. काका सांगत होते की दोरी अशी ताणली गेली की होडी कलली. आणि मग एकदम सैल. वर ओढली तर टोकाला गळच नाही. काकांनी दोरीचं टोक बोटांत धरून पाहिलं. तुटलेलं नव्हतं, गाठ सुटून आलेली होती. गाठ कोणी मारली? तर ह्यांनी. आदल्या दिवशी दोरी कौतुकानं घरी आणून, उजेडात बसून मारली होती, मी स्वतः पाहिली होती. लूमवाल्याची गाठ! इतकी बारीक, की बोट फिरवलं तरी लागू नये. लूमवर गाठ फणीच्या दातांतून गेली पाहिजे, नाहीतर कापडावर दिसते. म्हणून गाठ चपटी मारायची आणि टोकं मुळापाशी कापून टाकायची. ज्याची गाठ दिसत नाही तो कारागीर. सूत ती गाठ धरून ठेवतं. पण नायलॉनची गुळगुळीत दोरी, ती कशाला धरते?

त्या दिवशी हे घरी आले आणि जेवले नाहीत. ज्या गाठीचा आयुष्यभर अभिमान बाळगला, तीच सुटली. मला फार वाईट वाटलं. रडू आलं तेव्हा चुलीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी नवी गाठ शिकवली. वेढ्यावर वेढे घालायचे, थुंकीनं ओली करायची, ओढून बसवायची आणि टोक चांगलं बोटभर ठेवायचं. गाठ कशी, तर मिरीएवढी जाड, बेढब. ह्यांना ती बघवायची नाही. मारायचे छान, आणि मग सवयीनं खिशातली छोटी कैची बाहेर यायची आणि टोक कटकन मुळापाशी. मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा कैची काढून घेतली आणि पिठाच्या डब्यात टाकली. सापडली नाही म्हणून ह्यांनी घरभर शोधलं, मी शांतपणे भाकरी थापत होते.

गाठ सुधारली तरी दुसरं दुखणं राहिलंच. दोरी जरा थरथरली की ह्यांचा हात झटकन मागे. तेही लूमनंच शिकवलेलं. तिथे धागा ताणला की पापणी लवायच्या आत हात पोचला पाहिजे. इथे उलट. मोठं आधी आमिषाला तोंड लावतं, पारखतं, मग गिळतं, मग वळतं. वळल्यावर झटका द्यायचा, आधी नाही. काका होडीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचे, "खेंचतो नी, बेहवा दे एने!" ओढू नको, बसू दे त्याला. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याला सांगून काय? हे ओढायचे, आणि रिकामा गळ वर यायचा. नवरात्र आलं नि गेलं.

मग मी ठरवलं की मासा आपणच व्हायचं. आमच्या चाळीच्या वरच्या गॅलरीत ह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, दोरी कठड्यावरून खाली सोडायला लावली, आणि खाली नळापाशी मी टोक धरून उभी राहिले. चिमटीनं टकटक केलं की ती बारकी मासळी, हलायचं नाही. एक जड धक्का दिला की मोठ्यानं तोंड लावलं, तरी हलायचं नाही. मग मी दोरी घेऊन मोरीकडे चालू लागले की ओढायचं. पहिल्या दिवशी ह्यांनी टकटकीलाच असा झटका दिला की दोरीनं माझा हात भाजला. मी खालून दिलेल्या शिव्या फक्त बाकीच्या चाळीला ऐकू आल्या.

शेजारच्या प्रमिलाबाईंनी विचारलं की तुमच्या ह्यांचं डोकं फिरलं की तुमचं. मी म्हटलं, दोघांचं, म्हणून तर संसार टिकलाय. पण रोज दुपारी नळाला पाणी यायच्या आधी आमचा खेळ चालायचा. आणि हळूहळू हात थांबायला लागला. मी टकटक करायची, वरून काही नाही. धक्का द्यायची, काही नाही. मोरीकडे वळले की दोरी हातातून ओढली जायची. एकदा वरून हसण्याचा आवाज आला. मी मान वर करून पाहिलं, तर हे कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघून हसत होते. फार दिवसांनी योग्य जागी हसले.

तरी चाळ म्हणजे डोह नव्हे. धनत्रयोदशीच्या सकाळी शेवटची भरती होती. त्यानंतर काका सणासाठी होडी ओढून ठेवणार आणि भाचा येणार. मी काकांना म्हटलं, मी होडीत येते. तुम्ही ओरडा, मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवते. हात दाबला तर थांबायचं, उचलला तर ओढायचं. आमच्या सासरी बाईनं जाळं ओलांडलेलंही चालत नाही, होडीत बसणं तर लांबच. बाबुरावांनी तोंड उघडलं होतं, मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मिटून घेतलं. काकांचं म्हणणं, आमच्याकडे बाया होड्या ढकलतात, बसली म्हणून काय बुडणार आहे?

ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. काकांनी डोहाच्या कडेला नांगर टाकला. जिवंत बोय मासा आमिष म्हणून गळाला लावून ह्यांनी दोरी सोडली. ती जातच राहिली, जातच राहिली. इतकं पाणी आपल्या खाली! मी एक हात होडीच्या काठावर आणि एक ह्यांच्या पाठीवर ठेवून बसले. भरती थबकली, दोरी सरळ उभी झाली.

बारकी मासळी आली असावी, कारण ह्यांच्या पाठीतून एक शिरशिरी गेली. मी दाबणार, तोवर पाठ पुन्हा सैल. परत तसंच. मग काका एकदम उठले. त्यांना दोरीचा कोन बदलताना दिसला होता. "खेंचतो नी!" ते ओरडले, आणि मी सगळं बळ लावून ह्यांची पाठ दाबली.

ती आधीच थांबलेली होती. ती भिंतीसारखी स्थिर होती, श्वासही नाही. मला कळलं की काकांना दिसायच्या आधी, मी दाबायच्या आधी, ह्यांना कळलेलं आहे. माझ्या हाताचं तिथे काही काम नव्हतं. काका अजून 'बेहवा दे, बेहवा दे' म्हणत होते. झटक्याची खूण समजू नये म्हणून मी हात उचलला नाही, हळूच घसरवून खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. आता हे आणि तो मासा.

दोरी तिरकी होऊन डोहाकडे निघाली. तो वळला. ह्यांनी ओढली, खांद्यापासून. होडी गरकन फिरली. मासा पाण्याबाहेर उडाला, तोंड उघडं, अंगावर ऊन, आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून 'गाठ, गाठ' एवढंच म्हणत राहिले. ह्यांनी दोरी सोडली, घेतली, परत सोडली. तळहात कापून रक्त आलं. काका जवळ आले, मदतीला हात पुढे केला, आणि मागे घेतला. ते मी पाहिलं. शेवटी मासा आडवा होऊन होडीला लागला तेव्हा काकांनी फक्त आकडा घालून वर घेतला. गळ त्याच्या ओठात होता आणि गाठीचं बोटभर टोक तसंच्या तसं बाहेर आलेलं होतं.

"माले समजनं," एवढंच हे म्हणाले. आपल्या बोटाकडे बघत म्हणाले.

काठावर आल्यावर काकांनी कोयत्यानं मासा कापायला घेतला. गिऱ्हाईकं उभीच होती, सणाचे दिवस. भराभर तुकडे गेले. डोकं तेवढं बाजूला ठेवलं होतं. ते काकांनी कागदात गुंडाळलं आणि ह्यांच्या हातात दिलं.

माझं डोकं सणकलं. जागेबद्दल एक शब्द नाही, आणि वर हे! मी काकांना म्हटलं, रक्त ह्यांचं सांडलं, आणि आमच्या वाट्याला मुंडकं? ठेवा तुमच्याकडे.

काका रागावले नाहीत. कोयता धूत म्हणाले, "माथुं वेचाय नी, बेन. माथुं होडीनो माणह घेर लेई जाय." डोकं विकायचं नसतं, ते होडीच्या माणसानं घरी न्यायचं. त्यांचा जोडीदार इतकी वर्षं न्यायचा. मग सणानंतर होडी पुन्हा उतरेल, त्या लाभपंचमीच्या भरतीला वेळेवर या, असं सांगून ते दोरी गुंडाळायला लागले.

डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं तर पदरालाही माशाचा वास. हे कागदाचं पुडकं छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. माझा राग त्यांना दिसला होता, रडू दिसलं होतं, शब्द कळले नव्हते. त्यांनी ते मुकाट्यानं काकांपुढे परत धरलं.

मी ते पुढे आलेले हात धरून मागे लोटले आणि त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडले. इतकी ओरडले की मगदल्ल्याचं सगळं बंदर वळून बघायला लागलं.

"देऊ नका! हाई तुमनं शे! तुमी आते या होडीना माणूस शेतस!"