नमुन्याची जुडी

दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली मुख्य बाई तशी डोक्याने थंड. दीडशे रोग्यांचं जेवण रोज वेळेवर काढायचं तर चिडून भागत नाही. पण त्या सोमवारी तपासणीचा कागद वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याच्या पालकात फवारणीचं विष सापडलं होतं.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची धाकटी बहीण. गावाबाहेर तिचा लहानसा मळा. उभ्या जन्मात तिने तिथे औषधाची बाटली येऊ दिली नव्हती. किडे हाताने वेचायची आणि वेचता वेचता त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

गेल्या साली पूल खचला, लांबून येणारा भाजीचा ट्रक अकरा दिवस आला नाही आणि रोग्यांना नुसत्या डाळीवर दिवस काढावे लागले. तेव्हा राज्य सरकारला शहाणपण सुचलं, की दवाखान्यांनी भाजी आसपासच्या मळ्यांतूनच घ्यावी. पण सरकारी शहाणपण एकटं कधी येतं? मागून अर्ज आला, नकाशा आला, नमुन्याची तपासणी आली. मळेवाल्यांनी लांबूनच हात जोडले. बाईने महिनाभर मनधरणी केली तेव्हा कुठे आत्या तयार झाली. तिचा माल पास झाला तर बाकीचेही येणार होते. शुक्रवारपर्यंत एकही मळा पास झाला नाही, तर वर्षभराचं कंत्राट परत ट्रकवाल्याकडे.

बाई तडक मळ्यावर गेली. शेजाऱ्याची फवारणी वाऱ्याने आली का, पाण्यातून काही आलं का, सगळं विचारून झालं. आत्या वाफ्यातले किडे वेचत राहिली. शेवटी म्हणाली, "ती जुडी आपली नव्हतीच."

"मग कुणाची?"

"बाजारातून आणली. आपल्या पानांना ही भोकं. सरकारात पाठवायची ती अशी चाळणी पाठवायची? म्हणतील, हिला साधा पालक पिकवता येत नाही."

बाईने कपाळावर हात मारून घेतला. खरं नाणं घरात ठेवून खोटं चालवायला निघालेलं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं.

ती आत्याला घेऊन तपासणी कार्यालयात गेली. फेरतपासणीच्या फॉर्मवर कारणं छापलेलीच होती: डबा फुटला, डब्यावरची चिठ्ठी हरवली, नमुना नासला. चिठ्ठी हरवली म्हण आणि मोकळी हो, असं बाईने वाटेतच पढवलं होतं. आत्या साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं खरं सांगून बसली. बाईला वाटलं, संपलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वाईट माल लपवणारे रोज येतात," ते म्हणाले. "चांगला लपवणारं आजवर कुणी आलं नव्हतं." कारणाच्या रकान्यात त्यांनी हाताने चार ओळी लिहिल्या आणि दुपारी स्वतःच नमुना कापायला आले. आत्या पुढे पुढे करून धड पानं दाखवत होती. त्यांनी वाफ्याच्या मधोमध विळा घातला.

शुक्रवारी निकाल आला. आत्या पास झाली, करारावर सही झाली, आणखी चौघांनी अर्ज नेले. बाई त्या रात्री निवांत झोपली.

पुढच्या सोमवारी पहिला माल यायचा होता. साठ जुड्या ठरल्या होत्या, आल्या बावीस. शेगड्या पेटलेल्या, पातेल्यांत पाणी उकळतंय, आणि बाई पुन्हा मळ्याच्या वाटेवर. बांधाजवळ पालकाचा हिरवागार ढीग पडला होता. भोकाचं पान दिसलं की आत्याने ते तिथे भिरकावलं होतं.

"आजारी माणसांच्या ताटात असलं वाढायचं?" आत्याने उलट तिलाच विचारलं.

  बाईने बाह्या सरसावल्या, ढिगाजवळ बसकण मारली आणि टोपली भरायला घेतली. थोड्या वेळाने आत्याही समोर येऊन बसली, आणि टोपलीत पडलेलं एकेक पान उचलून बाहेर टाकू लागली.

बाईने टोपली उचलली आणि आपल्या पाठीमागे ठेवली.