खेमिनची भोजली

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या अख्ख्या सेक्टर ६ ला ठाऊक आहे. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी ओरडण्यात गेली असतील. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता तरी शांत होईन. पण जुनवानीत एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी इंग्रजी बोलायचा वर्ग घ्यायला लागले आणि राग माझ्यासोबत जिना चढून वर आला.

वर्गात चौदा मुलं-मुली होती. एका खाजगी हॉस्पिटलला चौकशीच्या काउंटरवर बसायला दहा जण हवे होते. मी सहा आठवडे शिकवायचं, प्रत्येकाबद्दल एक शेरा लिहून पाठवायचा आणि मग तिथल्या बाई तोंडी परीक्षा घेणार, असं ठरलेलं. बहुतेकांच्या घरात ही पहिलीच नोकरी होणार होती, त्यामुळे माझ्या शेऱ्याला वजन होतं. ते वजन मलाही आवडत होतं, खोटं कशाला बोलू?

भिलाईत, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला एक घमेंड असते. आमच्या क्वार्टरच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मल्याळी, वर बंगाली आणि समोर सरदारजी. कोणाच्या घरी कसं बोलायचं, कुठं गप्प राहायचं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. वर्गातही तसंच. कीर्ती 'हो' म्हणताना मान आडवी हलवते, तिला 'नाही' समजायचं नाही. निखिल घरात मोठ्यांसमोर बसत नाही, म्हणून उत्तर द्यायला उभा राहतो, त्याला दटावायचं नाही. मुलांच्या चालीरीती समजल्याशिवाय त्यांना परकी भाषा शिकवता येत नाही, असं मी नव्या शिक्षिकांना ठासून सांगत असे. त्या वहीत लिहून घेत.

चौथ्या आठवड्यात मी जोड्या लावल्या. जोडीदाराची ओळख करून द्यायची, दहा वाक्यांत, आणि पहिलं वाक्य नावाचं. आठ नंबरची खेमिन साहू आणि नऊ नंबरची मुलगी, अशी एक जोडी झाली. दोघी कुरुदच्या, पण मी त्यांना एकत्र कधी पाहिलं नव्हतं. नऊ नंबर वर्ग सुरू होताच वडील वारल्यामुळे दोन आठवडे आलीच नव्हती, आणि आल्यावर आपल्या नंबरच्या खुर्चीवर गुपचूप बसायची. खेमिनच्याही मधे बऱ्याच दांड्या झाल्या होत्या. त्या मी लाल पेनानं मांडून ठेवल्या होत्या.

खेमिन उभी राहिली. काळीसावळी, ताठ मानेची पोरगी.

"धिस इज..." म्हणाली आणि थांबली.

"पुढं?"

"शी इज नाईनटीन इयर्स ओल्ड."

"नाव आधी," मी म्हणाले.

तिनं वयाचंच वाक्य परत म्हटलं. मी पुन्हा सांगितलं. ती खाली बघायला लागली. वर्गात आम्ही हिंदीत बोलतो, तिनं हिंदीतच हळू सांगितलं, "मॅडम, नाव नाही घेणार."

"विसरलीस?"

"नाही. घेणार नाही."

मागून प्राची कुजबुजली, "मॅडम, दोघींचे पारे वेगळे आहेत." पारा म्हणजे गावातली वस्ती. खेमिनचं घर गावाच्या मधल्या पाऱ्यात आणि नऊ नंबरचं तळ्यापलीकडच्या. तळ्यापलीकडे कोणाला का राहावं लागतं, हे या देशात कोणी कोणाला समजावून सांगायला लागत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसलेल्या मुलीचं नाव ही जिभेवर घेत नाही! माझ्या वर्गात!

नऊ नंबर घाईनं उठली. "मॅडम, ती माझं नाव..."

"तू बस," मी ओरडले. "तुझाच अपमान चाललाय आणि तूच तिची बाजू घेतेस?"

मग मी पंधरा मिनिटं बोलले. फार चांगलं बोलले, असं मला तेव्हा वाटलं. खेमिनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नाव काही तिनं घेतलं नाही. त्याच दुपारी मी हॉस्पिटलला मेल पाठवला. 'आठ नंबर: जोडीदाराशी भेदभावानं वागते. लोकांसमोर बसवण्यास योग्य नाही.'

घरी नवऱ्याला, विद्याधरला, सगळं सांगितलं. तो रेल मिलमधून निवृत्त झालेला, शांत माणूस. वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "तू इतकी काऊन चिडून राहिली? तिले विचारलं का, काऊन नाव नाही घेत म्हणून?"

"त्यात काय विचारायचं? दिसतच होतं."

"तुले दिसलं. पण विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि थेट कुरुदला गेले, खरं सांगायचं तर विचारायला नाही, तिच्या आईबापाला चार शब्द सुनावायला.

कुरुदला आता बाहेरून नव्या कॉलन्यांनी वेढलंय, आत मात्र जुनं गाव आणि तळं तसंच आहे. खेमिनच्या घराच्या परछीत, म्हणजे ओसरीवर, तिचे वडील हिरालाल बसले होते. डोक्याचं मुंडण केलेलं, नुकतेच केसांचे खुंट उगवत होते. सुनावायला गेलेली मी, आधी विचारावंच लागलं, "घरात कोणी गेलं का?"

"हो जी," ते म्हणाले. "नोनीच्या भोजलीचे वडील गेले." नोनी म्हणजे लेक.

आतून एक बाई पाणी घेऊन आली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. मागोमाग खेमिन आली. मला पाहून आधी घाबरली, मग त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, ये मोर फूलदाई ए." ही माझी फूलदाई.

ती नऊ नंबरची आई होती, हे खेमिनच्या वडिलांकडून कळलं. तळ्यापलीकडची बाई खेमिनच्या घरच्या चुलीपाशी वावरत होती, घरच्यासारखी. माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

हिरालालांनी सावकाश सांगितलं. पावसाळ्यात पोरी टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या जागी ठेवून त्याची पिवळी कोवळी रोपं वाढवतात. ती भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती तळ्यात सोडायची. त्या वेळी दोन मुली ती रोपं एकमेकींच्या कानात खोवतात आणि जन्मभराच्या सख्या होतात. त्या दिवसापासून त्या एकमेकींना भोजली म्हणतात. एकीची आई दुसरीची फूलदाई होते. आणि एकमेकींचं नाव त्या मरेपर्यंत घेत नाहीत.

"नाव तर कोणीही घेतं," हिरालाल म्हणाले. "पोस्टमन घेतो, मास्तर घेतो. भोजली नाव घेत नाही."

या दोघींनी आठवीत असताना हे केलं होतं, कोणाला न विचारता, भर तळ्यावर. गावात कुजबूज झाली. हिरालालांनाही राग आला होता, ते त्यांनी लपवलं नाही. "पण भोजली झाली ती झाली. मोडता येत नाही. मग मीच मोडलो," म्हणाले आणि हसले. तीन आठवड्यांपूर्वी त्या मुलीचे वडील गेले, तेव्हा हिरालाल तळं ओलांडून गेले, तिरडीला खांदा दिला आणि दहाव्याला सख्ख्या भावासारखे केस उतरवले. त्या दिवसांत खेमिन रोज तिथं होती. माझ्या लाल पेनाच्या दांड्या त्याच.

मी त्या परछीत बसून होते आणि मला स्वतःच्या घमेंडीची भयंकर लाज वाटत होती. पण लाजेपेक्षाही मोठं काहीतरी होतं. तेरा वर्षांच्या दोन पोरींनी मूठभर गव्हाच्या रोपांनी ते करून टाकलं होतं, ज्यावर मी एकतीस वर्षं नुसते निबंध लिहून घेतले. मी अक्षरशः थक्क झाले. सगळ्या देशाच्या चालीरीती मला पाठ, आणि ज्या छत्तीसगढी लोकांच्या जमिनीवर आमचं गाव उभं राहिलं त्यांच्या घरात मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा पाणी पीत होते.

"खेमिन, माझं चुकलं," मी म्हणाले. माझ्याकडून हे वाक्य सहसा निघत नाही, त्यामुळे ते फार बारीक आवाजात निघालं. वर्गात ओरडले होते म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गातही म्हटलं, तेव्हा जरा मोठं निघालं.

पण मेल गेला होता. मी हॉस्पिटलच्या मिताली मॅडमना फोन केला, शेरा मागे घेते म्हणाले. त्या तरुण आणि कामाच्या पक्क्या. "तुम्ही भेदभाव लिहिलाय. असं कसं पुसून टाकू? परीक्षेला येऊ द्या. त्याच मुलीची ओळख करून द्यायला सांगते, सगळ्यांना आहेत तेच दहा मुद्दे. नाव घेऊन नीट ओळख करून दिली, तर घेऊ."

म्हणजे माझ्या रागानं मी खेमिनला अशा जागी आणून उभं केलं होतं, जिथं नोकरी हवी तर भोजलीचं नाव घ्यायला लागणार होतं. जोडी बदलायचीही सोय उरली नाही. दोन आठवडे मला धड झोप लागली नाही.

परीक्षेच्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दोघी इस्त्रीचे कपडे घालून बसल्या होत्या. मी खेमिनला बाजूला घेतलं. "एकदाच म्हण. इंग्रजीतच तर म्हणायचंय. परक्या भाषेत घेतलेलं नाव कोण धरतं?"

तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं. "मॅडम, तुम्हीच सांगता ना, इंग्रजीत पाठ केलेलं बोलू नका, खरं बोला."

नऊ नंबरनं तिचा हात धरला. "ले दे न भोजली, मोला कुछु नई लागय." घे ना, मला काही वाटणार नाही. खेमिननं नुसती नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात आतून हाक आली.

मला कोपऱ्यात बसायची परवानगी होती. मिताली मॅडमसमोर एक फॉर्म होता, दहा ओळींचा. खेमिन उभी राहिली, भोजली शेजारी.

"धिस इज माय भोजली," ती म्हणाली. मग वय, शाळा, भोजलीला काय आवडतं, ती किती छान रांगोळी काढते, सगळं. नऊ ओळी भरल्या. पहिली रिकामी.

"नेम?" मिताली मॅडमनी विचारलं.

मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते.

"हर नेम इज विथ हर, मॅडम," खेमिन म्हणाली. "यू आस्क हर."

"काउंटरवर पेशंटला नावानं हाक मारावी लागेल. तिथंही असंच करशील?"

"पेशंटचं नाव शंभर वेळा घेईन, मॅडम. पेशंट माझी भोजली नाही."

"पण भोजली म्हणजे काय?"

आणि खेमिन बोलायला लागली, इंग्रजीत. मी शिकवलेलं त्यात एकही वाक्य नव्हतं. टोपली, अंधार, गहू, तळं, कान, सगळं तिनं सांगितलं, शब्द सापडला नाही तिथं हातांनी दाखवलं. फूलददा, म्हणजे भोजलीचे वडील, गेले तेव्हा बाबांनी केस उतरवले, हेही सांगितलं. मी सवयीनं बोटांवर चुका मोजायला सुरुवात केली होती. केव्हातरी मोजायचं विसरले. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून इतकं खरं इंग्रजी मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

मिताली मॅडमनी पेनाचं टोपण उघडलं. मग माझ्याकडं वळल्या. "मॅडम, तुमच्या त्या शेऱ्याचं काय करू?"

"खोडा," मी म्हणाले. "आणि चूक माझी, असं लिहा. मी सही करते."

त्यांनी मेलच्या कागदावरचा शेरा खोडला. मग फॉर्म उचलून भोजलीपुढं सरकवला, पेन दिलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं खेमिनच्या फॉर्ममध्ये आपलं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत. खेमिन तिच्या हाताकडं बघत होती, आणि तिचा चेहरा पाहून मला वाटलं, नाव न घेताही किती जवळून वाचता येतं.

भोजलीची पाळी आली तेव्हा तिनंही खेमिनचं नाव घेतलं नाही. मिताली मॅडमनी हसून फॉर्म आपणहून खेमिनकडं दिला. एक तारखेपासून दोघी एकाच काउंटरवर बसतात.

हे सगळं मी लिहून काढलं आणि विद्याधरला वाचायला दिलं. त्यानं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मग पानं उलटून पुन्हा काहीतरी शोधलं.

"त्या दुसऱ्या पोरीचं नाव काय? पुरं वाचलं, कुठीच नाही लिहिलं तू."

माझ्या हजेरीत ते नऊ नंबरवर आहे. मी रोज घेत होते, मला पाठ आहे. मी पेन उचललं, पहिल्या पानाशी नेलं आणि परत ठेवून दिलं.

"मले नाही लिहिता येत," मी म्हणाले. "तिलेच विचारा."