सलोमीचा शब्द

जानेवारीची पहिली तारीख. सकाळची उपासना नुकतीच आटोपली होती. हजर होती वसाहतीतली सगळी माणसे, त्यांचे वृद्ध पाळक, आणि बाहेरचा मी एकटा. चिंचेखाली सागाची वाळलेली पाने वाऱ्याने आणून टाकली होती. त्यांवरून ओढत येणाऱ्या एका पायाची खरखर ऐकू आली, आणि मान न वळवताच मला कळले की माझी धाकटी बहीण सलोमी आली. तिच्या डाव्या पायाला जमीन कळत नसे. म्हणून तो पाय जमिनीला विचारत विचारत पुढे सरके.

आमचे मूल आणि पोंभुर्णे या दोन गावांमधल्या रानात महारोग्यांची ही वसाहत होती. सलोमी लग्नाच्या वयात इथे आली आणि केस पिकू लागले तरी इथेच होती. हिवाळ्यातले ऊन तिच्या चेहऱ्यावर पडले की राखेखालच्या निखाऱ्याची आठवण होई: ऊब असे, जाळ नसे. हात ती सदैव पदराखाली ठेवी. चहाची पितळी दोन्ही मनगटांत धरून पिई, पाखराचे पिल्लू धरावे तशी.

आमच्या मंडळीची एक रीत वसाहतीतही पाळत. नाताळाआधीच्या आठवड्यांत प्रत्येकाने प्रार्थनेत आपला शब्द शोधायचा, वर्षभर ज्याच्या आधाराने चालायचे असा एकच शब्द, आणि वर्षाच्या पहिल्या सकाळी चिंचेखाली उभे राहून तो सर्वांसमोर उच्चारायचा. सगळे म्हणत, "तसंच होवो." त्यानंतर तो देवाला दिलेला शब्द, पाळकांनाही बदलता येत नसे.

त्या साली मी बैलगाडी घेऊन गेलो होतो. नव्या गोळ्यांनी रोग हटला होता. बोटे वाकडी राहिली, पण डॉक्टरांनी तिला घरी जायला मोकळीक दिली होती. माझ्या बायकोने मागची खोली सारवून ठेवली होती. अडचण एकच होती. माझ्या मुलीची, रूथची सोयरीक जुळत आली होती आणि वराकडच्यांनी दोनदा विचारले होते की मुलीची आत्या कुठे असते. मला लपवाछपवी जमत नाही. उपासनेआधीच मी सलोमीला सगळे सांगितले होते. आता ती चिंचेखाली शेजारी येऊन बसताच मी म्हणालो,

"सोयरीक मोडली त मोडू दे. तू चाल."

"रूथले विचारलं का?"

"विचारलं. तेही चाल म्हणते."

"म्हणंलच थे. काय मोडून राह्यलं, तिले काय मालूम," सलोमी म्हणाली आणि पायाखालची पाने बघत बसली.

एकेकाचा शब्द होऊ लागला. म्हातारे लच्चूभाऊ उठताच सलोमीने टोकले, "भाऊ, मागच्या साली तुमी 'मौन' घेतलं, अन् कोणाले झोपू नाई देल्लं."

"म्हून यंदा 'क्षमा' घेतो," लच्चूभाऊ म्हणाले. "तुमी सारे करा मले."

हसू ओसरले आणि सलोमी उभी राहिली. तिचा शब्द 'घर' असणार, अशी माझी खात्री होती. तिने पदराखालून दोन्ही हात काढले. इतक्या माणसांत, उन्हात, ते हात मी प्रथमच पाहिले. उन्हाने तडकलेल्या शेंगांसारखी आत वळलेली बोटे.

"मुक्काम," ती म्हणाली.

पाळकांनी माझ्याकडे पाहिले. मग सगळे म्हणाले, "तसंच होवो." माझे ओठ हलले नाहीत. तिने मला नकार दिला असता तर मी वाद घातला असता. तिने तो शब्द देवाला देऊन टाकला होता. दार तिने अशा रीतीने लावून घेतले की कडीवर कुणाचाच हात दिसू नये, माझा नाही, रूथचा नाही, वराकडच्यांचाही नाही.

निघताना तिने खोपटातून एक गोधडी आणून गाडीत टाकली. टाके मोठे होते, तिरपे होते. सुई दातांनी ओढून घातलेले. असे काम महिन्यांचे असते. म्हणजे माझी गाडी मूलहून निघण्याच्या कितीतरी आधी तिचे ठरले होते.

"रूथच्या लग्नात दे," ती म्हणाली. "कोणं शिवली थे सांगू नोको."

वैशाखात रूथचे लग्न झाले. गोधडी तिच्यासोबत गेली आणि मी काही बोललो नाही. पुढे धानाची कापणी चालू असताना सलोमी तापाने गेली. निरोप मूलला पोचला तेव्हा तिला माती देऊन झाली होती. वर्ष सरले की त्याचा शब्द माणसाला मोकळे करतो, असे आमची मंडळी मानतात. तिच्या वर्षाचे काही आठवडे तेव्हा उरले होते. एरवी मी कोणताही हिशेब अपुरा ठेवत नाही. पण ते आठवडे कोणाच्या खात्यावर धरायचे हे मला आजवर ठरवता आलेले नाही; आणि नाताळाच्या दिवसांत सगळे आपापला नवा शब्द शोधू लागले की मला वाटते, आमची वर्षे येतात आणि जातात, तिचे ते एक वर्ष मात्र तिथेच थांबून आहे.